ओमाहाची मंडळी

शेजाऱ्याला उंबरठ्याबाहेर ठेवून कोणतीही धर्ममंडळी जिवंत राहत नाही, असे मला वाटते. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात, ओमाहा शहरी, ऑगस्टाना लुथेरन चर्चची मंडळी सारी गोरी होती. १९६०च्या दशकात पाळक विल्यम यंगडाल यांनी साधी सूचना मांडली : दहा गोऱ्या जोडप्यांनी स्वेच्छेने दहा काळ्या लुथेरन जोडप्यांच्या घरी भेटीस जावे. धर्म एक, पंथही एक. तरी मंडळी बिथरली. ही वेळ नव्हे, असा सूर निघाला आणि अखेर पाळकालाच राजीनामा द्यावा लागला. विल्यम जर्सी यांच्या 'अ टाइम फॉर बर्निंग' (१९६६) या माहितीपटात हे नोंदलेले आहे. त्यात केशकर्तनालयात काम करणारे एर्नी चेंबर्स गोऱ्यांच्या धर्माचा पोकळपणा पाळकाच्या तोंडावर मांडतात. हेच चेंबर्स १९७० साली राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच बजावले होते, की नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही. ओमाहाला तर भेटही पेलली नाही. मात्र आधी विरोध करणारा एक गोरा सभासद ऐकता ऐकता बदलला. मंडळीचे पुनरुज्जीवन झालेच असेल तर ते या एका माणसात. दयेने नव्हे, बरोबरीने ऐकल्यामुळे.