प्रस्तावना : गोणीपासून ‘गनी’पर्यंत

इंग्रजी कोशांत ‘गनी’ हा एक छोटासा शब्द आहे. माल बांधण्याचे, गुंडाळण्याचे जाडेभरडे कापड आणि त्या कापडाची पिशवी, असे त्याचे अर्थ दिलेले असतात. व्युत्पत्ती पाहू गेले, की कोश थेट आपल्या दारात येऊन उभा राहतो. मूळ शब्द ‘गोणी’. व्युत्पत्तिशास्त्राकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकांनी सुरुवात अशा शब्दापासून करावी, असे मला मनापासून वाटते. देव, धर्म, राजा यांच्या नावांवर मोठमोठे वाद झडले आहेत. गोणीकडे मात्र फारसे कुणी थांबून पाहिलेले नाही. खरे तर तिच्या पोटात अडीच हजार वर्षांचा व्यवहार भरलेला आहे.

कोपरगावच्या वाचकाला तर हा शब्द शिकवायला नकोच. गोदावरीच्या कालव्यांवर पिकलेला ऊस, कोळपेवाडी आणि सहजानंदनगरचे साखर कारखाने, बाजार समितीतला कांदा आणि धान्य, या सगळ्यांना काहीतरी वेष्टन लागतेच. ते कापड असते तेव्हा गोणपाट, तरट किंवा किंतान; शिवले की गोणी, गोण किंवा पोते; आणि मापाच्या काट्यावर चढले की तेच ‘बारदान’. बारदान हा फारसी शब्द. ‘बार’ म्हणजे ओझे, ते ज्यात राहते ते बारदान. व्यापारी बारदानाचे वजन वजा करून पट्टी करतो, तेव्हा माल आणि वेष्टन यांतला फरक तो रुपयांत मोजत असतो. वस्तू एकच, पण शेतकरी, हमाल आणि अडत्या यांच्या तोंडी ती निरनिराळ्या नावांनी येते. यातले कोणते नाव कुठे वापरले जाते, हे तुम्ही दिवसभर आडतीवर बसून ऐकलेत, तर अभ्यासाचा पहिला धडा तिथेच होईल.

आता मागे जाऊ. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘गोणी’ आहे, आणि तोही धान्य भरण्याच्या पिशवीच्या अर्थाने. पाच गोणींना विकत घेतलेल्या वस्तूला काय म्हणावे, हा नियमही त्याच व्याकरणपरंपरेत सांगितला आहे. म्हणजे गोणी तेव्हाच नुसते वेष्टन उरली नव्हती, माप झाली होती. मला या शब्दाचे खरे मोल इथे दिसते. साखर कारखान्यांत आजही उत्पादन पोत्यांत सांगतात, हंगामात साखर पोत्यांचे पूजन होते. वेष्टन मापाच्या पदाला चढले, की शब्दाला टिकण्याची सोय होते; माल खाल्ला जातो, गोणी मात्र हिशेबात राहते.

शब्द संस्कृतात आहे म्हणून तो मूळचा संस्कृतच, असे मात्र वाचकांनी धरून चालू नये. कन्नडमध्ये ‘गोणि’ आहे, तमिळमध्ये ‘कोणि’ आहे. बरो आणि एमेनो यांच्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात हे शब्द एकत्र मांडलेले आढळतील, आणि टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश त्याच्या शेजारी उघडून ठेवलात, तर दोन भाषाकुळांच्या सीमेवर हा शब्द कसा उभा आहे ते ध्यानात येईल. घाईने निकाल देऊ नका. या शास्त्रात धीर हीच मोठी शिदोरी.

या शब्दाच्या परदेशी प्रवासाची नोंद १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात पाहावी. तिथे लॉकियर या इंग्रज व्यापाऱ्याच्या १७११ सालच्या पुस्तकातला दाखला आहे. साखर दुहेरी गोणीत बांधलेली असेल, तर बाहेरच्या गोणीची किंमत सौद्यात वेगळी धरतात, असा त्याचा आशय. कोपरगावच्या माणसाला तीनशे वर्षांपूर्वीचा हा सौदा परका वाटणार नाही. पुढे बंगालमध्ये ज्यूटच्या गिरण्या उभ्या राहिल्या. पहिली १८५५ साली रिश्र्याला. ज्यूटच्या गोण्या जगभर गेल्या. पूर्वेकडे मलय भाषेतही ‘गुनी’ म्हणजे पोतेच. सिंगापुरात घरोघर फिरून जुने सामान गोळा करणाऱ्याला ‘कारुंग गुनी’ म्हणतात.

कोशाबाहेरही गोणीला एक आयुष्य आहे. पावसात शेतावर निघालेला माणूस रिकामे पोते घेतो, त्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसतो आणि डोक्यावर चढवतो, झाली खोळ. पाठ झाकली जाते, हात मोकळे राहतात. शिवण नाही, बंद नाही. कोपरगावहून शिर्डी ओलांडली, की साकोरी लागते. तिथले उपासनी महाराज (१८७०–१९४१) कमरेला गोणपाट गुंडाळत. ज्या कापडात धान्य बांधायचे, तेच वैराग्याचे वस्त्र झाले. या दोन्ही गोष्टी माहीत नसतील, तर ‘जाडेभरडे कापड’ हा कोशातला अर्थ अपुराच राहतो.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडा, शक्यतो १८५७ची दुसरी आवृत्ती. मग दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, त्यानंतर कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६चा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’. आणि एक प्रश्न सोबत घ्या. पोतनीस, पोतदार या आडनावांतला ‘पोत’ म्हणजे खजिना, आणि तो फारसी ‘फोता’शी जोडतात. राघोबादादांच्या अखेरच्या काळाची साक्ष सांगणाऱ्या कोपरगावात हे शब्द पेशवाईच्या दफ्तराची आठवण देतात. मग आपल्या साखरेचे ‘पोते’ त्याच घराण्यातले, की दुसऱ्या? तिन्ही कोशांतल्या नोंदी समोरासमोर ठेवा आणि आपले मत बनवा.