फळीवर उभे राहायचे कुठे?

होडीत चढताना नावाडी बजावतो, "एका बाजूला गर्दी करू नका, मधे बसा." पुढे सगळे जमले तर होडीचे नाक पाण्यात जाते, मागे जमले तर होडी जड चालते. समुद्राच्या लाटेवर फळी घेऊन स्वार होणाऱ्याला, म्हणजे सर्फिंग करणाऱ्यालाही हाच प्रश्न पडतो : आपले वजन फळीवर नेमके कुठे ठेवायचे? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. उत्तर एका समाजाला फार पूर्वी सापडले होते आणि मग ते हरवता हरवता राहिले.

आधी प्रश्न समजून घेऊ. नवशिका फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मागे लोटतो. माणूस आणि फळी यांचे एकत्रित वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाण्याचे प्लावक बल फळीच्या बुडालेल्या भागाच्या मध्यातून वर ढकलते. दोन्ही एका उभ्या रेषेत आली की फळी स्थिर होते. माणूस फार पुढे सरकला तर फळीचे पुढचे टोक बुडते आणि लाट येताच तो तोंडावर आपटतो. फार मागे राहिला तर मागचे टोक बुडून पाण्याचा अडथळा वाढतो, वेग मिळत नाही आणि लाट त्याला सोडून पुढे निघून जाते. म्हणून फळीचे टोक पाण्याच्या थोडेसेच वर राहील अशी जागा शोधायची. उभे राहिल्यावर गुरुत्वमध्य उंच जातो आणि तोल बिघडणे सोपे होते. त्यावर उपाय म्हणजे पावले फळीच्या मध्यरेषेवर, एकमेकांपासून अंतर ठेवून टेकवायची आणि गुडघे वाकवायचे.

हवाई बेटांवरच्या लोकांना हे अनुभवाने ठाऊक होते. कॅप्टन कुकची जहाजे तेथे १७७८ साली पोहोचली. त्याचा अधिकारी जेम्स किंग याने १७७९ मध्ये लाटांवर स्वार होणाऱ्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथे मुख्यतः दोन प्रकारच्या मोठ्या फळ्या होत्या. 'अलाइया' ही पातळ फळी. तिच्यावर उभे राहिले तर केवळ प्लावक बल पुरत नाही, वेगाने धावताना पाण्याकडून मिळणारी उचलही लागते. 'ओलो' ही लांब, जाड फळी सरदारांची. जतन झालेल्या काही ओलो सुमारे ७० किलो वजनाच्या आहेत. फळीच्या तळाला पंख मुळीच नसे. वळायचे तर वजन एका बाजूला झुकवायचे किंवा पाय पाण्यात ओढायचा.

हे ज्ञान पुस्तकात नव्हते, माणसांच्या अंगात होते. बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवरची वस्ती झपाट्याने घटली. १८२० पासून आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना हा खेळ पसंत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाटांवर जाणारे थोडेच उरले. तरी धागा तुटला नाही. १८८५ मध्ये तीन हवाईयन राजपुत्रांनी कॅलिफोर्नियात सांताक्रूझ येथे रेडवुडच्या फळ्यांवर हा खेळ केला. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवणारा हवाईचा ड्यूक कहानामोकू याने १९१४ च्या डिसेंबरात सिडनीजवळ तो ऑस्ट्रेलियाच्या लोकांना करून दाखवला.

पुढचे बदल फळीत झाले. पण प्रत्येक बदलाने वजनाची जागाही बदलली. टॉम ब्लेकने होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या ओलोंचा अभ्यास करून हलकी, पोकळ फळी तयार केली. उभ्या लाटेवर मात्र रुंद फळीचे मागचे टोक घसरत असे. १९३७ मध्ये जॉन केली आणि त्याच्या मित्रांनी हे टोक तासून निमुळते केले. ते पाण्यात खोल बसू लागले आणि घसरणे थांबले. ब्लेकने त्याआधीच, १९३५ मध्ये, तळाला पंख बसवून दुसरा मार्ग दाखवला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फोमच्या हलक्या फळ्या आल्या. स्वार फळीवर मागेपुढे चालू लागला, अगदी पुढच्या टोकावरही उभा राहू लागला. कारण मागच्या टोकावरून वाहणारे लाटेचे पाणी ते टोक दाबून धरते. १९६७ नंतर फळ्या आखूड झाल्या. चालायला जागा उरली नाही. मागचा पाय पंखांच्या वर टेकवून वजन दाबायचे आणि फळी वळवायची, ही रीत आली.

वर्गात हे सहज दाखवता येईल. परातीत पाणी घेऊन त्यावर लाकडी फूटपट्टी तरंगवा. तिच्यावर एक हलके नाणे आधी मध्यावर ठेवा, मग थोडे थोडे टोकाकडे सरकवा. टोक कधी बुडते ते मुलांना आधी अंदाजाने सांगू द्या. नंतर पट्टी हळूच ओढून पाहा : वाहत्या पाण्यात नाण्याची योग्य जागा तीच राहते का?

सर्फिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथम समावेश २०२१ मध्ये झालेल्या टोकियोच्या स्पर्धेत झाला. महिलांचे पहिले सुवर्णपदक कॅरिसा मूरने मिळवले. ती होनोलुलूची, मूळ हवाईयन वंशाची. आपल्या नावाड्याजवळही असेच अंगात मुरलेले शास्त्र आहे. ते विचारून, लिहून ठेवण्याचे काम आपण आणि आपले विद्यार्थी वेळ असतानाच करू शकतो.