दोन विजयांचा हंगाम

अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून धावायचे, फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचे, असा तो खेळ. तिथे कॉलेजच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणजे गावातले मोठे प्रस्थ. तो बदलला की हंगामाची घडी विसकटते, हा नेहमीचा अनुभव. पण मार्शल विद्यापीठाच्या १९७१च्या हंगामात विसकटायला घडीच उरली नव्हती.

वेस्ट व्हर्जिनियातले हंटिंग्टन हे ओहायो नदीकाठचे शहर. १४ नोव्हेंबर १९७०च्या रात्री, ईस्ट कॅरोलायनाशी १७-१४ असा सामना हरून परतणारे मार्शलचे विमान धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर कोसळले. विमानातले पंचाहत्तरही जण गेले. त्यांत ३७ खेळाडू होते, तीस वर्षांचे प्रशिक्षक रिक टॉली होते, आणि संघाबरोबर गेलेली शहरातली प्रतिष्ठित मंडळी होती. सहा खेळाडूंची ओळख पटलीच नाही. त्यांना स्प्रिंग हिल दफनभूमीत एकत्र पुरले.

मुळात हा संघ काही वैभवात नव्हता. खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांमुळे १९६९ साली मिड-अमेरिकन कॉन्फरन्सने मार्शलला बाहेर काढले होते. टॉलींकडे सूत्रे आली तीही त्याच पडझडीत. म्हणूनच फुटबॉल बंद करावा असे म्हणणाऱ्यांना मी निष्ठुर मानत नाही. त्यांच्या बाजूने भावनाही होती आणि हिशेबही.

तरी संघ उभा करायचे ठरले. एका प्रशिक्षकाने पद स्वीकारले आणि काही दिवसांतच सोडले. मग मार्च १९७१मध्ये वूस्टर या छोट्या कॉलेजातून जॅक लेंग्येल आले. जुन्यांपैकी सहप्रशिक्षक रेड डॉसन होते. खेळाडू भरतीच्या कामासाठी ते मोटारीने निघाले होते, म्हणून वाचले. दुखापतीमुळे मागे राहिलेला नेट रफिन आता कर्णधार झाला. माणसेच पुरेनात, तेव्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळवायची खास परवानगी राष्ट्रीय संघटनेकडून मिळवावी लागली. फुटबॉल न खेळलेली मुलेही आली.

लेंग्येल यांचे खरे काम मला दिसते ते डावपेचात. अंगापिंडाने दांडग्या संघांपुढे या पोरांचा जोर चालणार नव्हता. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात बॉबी बाउडन ‘व्हीअर’ पद्धत खेळवत. तिच्यात समोरचा एक गडी मुद्दाम मोकळा सोडतात आणि त्याची हालचाल पाहून चेंडू द्यायचा की स्वतः पळायचे, हे क्वार्टरबॅक ठरवतो. थोडक्यात, ताकदीची उणीव निर्णयाने भरायची. बाउडन यांनी हात राखून न ठेवता ही विद्या मार्शलला दिली.

पहिला सामना मोरहेड स्टेटशी. २९-६ अशी हार. २५ सप्टेंबरला घरच्या मैदानावर झेवियर. १३-९ अशी पिछाडी, घड्याळ संपत आलेले, आणि शेवटच्या डावात रेजी ऑलिव्हरचा छोटा पास झेलून टेरी गार्डनर रेषेपार गेला. १५-१३! २००६चा ‘वी आर मार्शल’ हा चित्रपट या विजयावर येऊन थांबतो.

इतिहासाला तसे थांबता येत नाही. पुढच्याच आठवड्यात ओहायोच्या मायामी विद्यापीठाने मार्शलला ६६-६ असे झोडपले. माझ्या मते हंगामाचा कस या सामन्यानंतर लागला. एका विजयाचा आनंद ओसरल्यावर, सोमवारी पुन्हा सरावाला उतरायचे होते. ती पोरे उतरली, पुन्हा पुन्हा हरली, आणि ३० ऑक्टोबरला बोलिंग ग्रीनला १२-१० असे हरवून दाखवले. हा दुसरा विजय चित्रपटात नाही. झेवियरचा निकाल शेवटच्या क्षणाच्या नशिबावर ढकलता येईल. महिनाभर हरून मिळवलेला हा विजय तसा ढकलता येत नाही.

एकूण हिशेब दोन विजय, आठ पराभव. लेंग्येल यांच्या चार हंगामांचा मिळून ९ विजय आणि ३३ पराभव. जिंकलेले सामने हरलेल्यांपेक्षा जास्त, असा हंगाम मार्शलला १९८४पर्यंत दिसला नाही. डॉसन यांनी कबूल केल्याप्रमाणे १९७१चा हंगाम पुरा केला आणि प्रशिक्षकाचे काम सोडले. हंटिंग्टन मात्र सोडले नाही; तिथेच ते बांधकामाच्या धंद्यात पडले.