ठिणगी कुठे अडली?

मागच्या भागानंतर इंदूरहून एका श्रोत्यांचा निरोप आला. आजोबांची जुनी अ‍ॅम्बेसेडर दारात उभी आहे, सेल्फ मारला की इंजिन घरघर फिरतं पण पकडत नाही. नवी बॅटरी टाकली, पेट्रोल ताजं भरलं, तरी तेच. 'सर, तुम्ही फौजेत होता, काहीतरी सांगा.'

मी मिस्त्री नाही, पायदळातला माणूस. पण कॅप्टन असताना दोन वर्षं पलटणीचा एमटी ऑफिसर होतो आणि त्या दोन वर्षांत एक धडा फार महागात शिकलो. तो सांगणारच आहे. आधी इतिहास, कारण या गाडीच्या बॉनेटखाली सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि बिघाड शोधायची वाटही त्यातूनच जाते.

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि नेमक्या क्षणी ठिणगी. पहिल्या दोन लवकर जमल्या. ठिणगीने मात्र सगळ्यांना छळलं. डाइमलरच्या सुरुवातीच्या गाड्यांत बर्नरने तापवून लाल केलेली नळी सिलिंडरला जोडलेली असे. म्हणजे पेट्रोलच्या शेजारी उघडी ज्योत! श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशने 1897मध्ये मॅग्नेटो वाहनावर बसवला आणि 1902मध्ये त्याच्याच कारखान्यातल्या गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग अशी जोडी तयार केली. मॅग्नेटोची गंमत अशी की त्याला बॅटरी लागत नाही. आत चुंबक फिरतो आणि वीज जागच्या जागी तयार होते. पिस्टन इंजिनच्या लहान विमानांत आजही दोन दोन मॅग्नेटो असतात ते याचसाठी.

आता फौजी म्हणून मला सगळ्यात भावलेला भाग. 1914च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं, आणि लक्षात आलं की आपल्या लॉऱ्या आणि विमानं ज्या मॅग्नेटोवर चालतात ते जवळजवळ सगळे शत्रूच्या श्टुटगार्टहून येतात. तोफा होत्या, माणसं होती, आणि अडलं ते मुठीएवढ्या डब्यावर. मग घाईघाईने घरचा उद्योग उभा करावा लागला. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्याच वर्षी मॅग्नेटो बनवणारी थॉमसन-बेनेट ही कंपनी विकत घेतली. सायकलचे दिवे बनवणारी लुकास गाड्यांच्या विजेतली मोठी कंपनी झाली, त्यात या युद्धाचा वाटा मोठा आहे. पुढे 1961मध्ये मद्रासला लुकास-टीव्हीएस सुरू झाली आणि आपल्या गाड्यांचे डिस्ट्रिब्युटर, सेल्फ, डायनॅमो पाडीच्या कारखान्यात बनू लागले.

पण अ‍ॅम्बेसेडरमध्ये मॅग्नेटो नाही. तिची पद्धत अमेरिकेतली. ओहायोतल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर कॅश रजिस्टरच्या कंपनीत काम करायचा. त्याने आणि एडवर्ड डीड्सने डीड्सच्या घरामागच्या कोठारात बॅटरीवर चालणारी इग्निशन तयार केली. ती 1910च्या कॅडिलॅकमध्ये आली, आणि 1912च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेचा सेल्फ. त्यांच्या कंपनीचं नाव डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी, थोडक्यात डेल्को. आपले जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' म्हणतात ना, ते हेच. लुकासचा डिस्ट्रिब्युटर हातात धरून 'डेल्को खराब है' म्हणणारे उस्ताद मी पाहिलेत. दोन्ही कंपन्या एका वाक्यात!

केटरिंगची युक्ती साधी आहे. बॅटरीचे 12 व्होल्ट कॉइलच्या जाड तारेतून जातात, पॉइंट मिटलेले असताना. पॉइंट उघडले की प्रवाह तुटतो, कॉइलमधलं चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. ते रोटरमार्फत, कॅपमधून, ज्याची पाळी त्या प्लगला पोचतात. अ‍ॅम्बेसेडरमध्ये पाळी 1-3-4-2. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर हे सेकंदाला शंभर वेळा होतं. पॉइंटमधली फट जेमतेम 0.4 मिलिमीटर. पॉइंट उघडताना तिथेच ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी छोटा कंडेन्सर.

बिघाड शोधायचा तो याच रस्त्याने, मधूनच उडी न मारता. आम्ही तुटलेली टेलिफोन लाइन शोधायचो तसंच. मधलं एक ठिकाण गाठायचं आणि विचारायचं, इथपर्यंत आवाज येतोय का?

ते मधलं ठिकाण म्हणजे कॉइलची मधली जाड वायर. ती डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून काढा, रबरी मुठीच्या पकडीत धरा, टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, कडकडणारी ठिणगी आली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष, दोष पुढे कॅप, रोटर, वायर किंवा प्लगमध्ये. पिवळी, मरतुकडी आली तर कंडेन्सरवर पहिला संशय. काहीच आली नाही तर मागे चला. कॉइलला वीज पोचते का ते टेस्ट लॅम्पने बघा, पॉइंट काळे पडलेत का, त्यांची फट मिटली आहे का ते बघा.

आणि सेल्फ सारखा मारत बसू नका. इथे माझी गोष्ट येते.

1980च्या दशकातली. ईशान्येत, पावसाळ्यात. आमच्याकडे जोंगा होत्या. निस्सानच्या पेट्रोल गाडीवरून जबलपूरच्या वाहन कारखान्यात बनलेल्या, सहा सिलिंडरच्या. जबलपूरच्या मराठी मंडळींत कित्येक घरं असतील जिथल्या कुणीतरी त्या बांधल्या आहेत. पहाटे चारला एका जवानाच्या पोटात असह्य कळा सुरू झाल्या. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स, ताबडतोब खाली हलवा. जोंगा सुरू होईना. ड्रायव्हर काहीतरी सांगू पाहत होता, 'साब, कॅप...' मी ओरडलो, 'सेल्फ मारो!' त्याने मारला. बॅटरी संपेपर्यंत मारला. ईएमईचा नायक येईपर्यंत इंजिन फिरायचंही बंद झालं होतं. त्याने डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून टॉर्चच्या उजेडात धरली. केसाएवढी भेग, तिच्यात ओल, आणि वीज प्लगकडे जाण्याऐवजी त्या भेगेतून निसटत होती. दुसऱ्या गाडीची कॅप काढून लावली, उतारावर ढकलून गाडी सुरू केली. दीड तास गेला. जवान वाचला, पण अपेंडिक्स वाटेत फुटलं आणि तो महिनाभर हॉस्पिटलात राहिला.

ड्रायव्हरला मी त्याच सकाळी सात दिवस पिट्ठू लावला. गाडीची देखभाल नीट नाही म्हणून.

चौथ्या दिवशी टेबल आवरताना माझ्या ट्रेमध्ये एक इंडेंट सापडलं. डिस्ट्रिब्युटर कॅप, एक नग. त्याच जोंगाचा नंबर, त्याच ड्रायव्हरची मागणी, सव्वीस दिवस जुनी. खाली माझ्या सहीची जागा कोरी.

मी शिक्षा थांबवली आणि त्याची माफी मागितली. 'कोई बात नहीं साब' म्हणून तो गाडीखाली शिरला. हॉस्पिटलातल्या जवानाला मात्र मी इंडेंटचं कधी सांगितलं नाही.

इंदूरच्या श्रोत्यांना वायरची परीक्षा कळवली होती. काल रात्री त्यांचं उत्तर आलं. कॉइलच्या वायरवर ठिणगी आहे, निळी आहे, प्लगवर नाही. म्हणजे आता कॅप काढा, कोरड्या फडक्याने आतून पुसा आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात नीट बघा.