देवमासा: मासा कीं पशु?

मराठी भाषेनें ज्या जलचरास 'देवमासा' म्हटलें, तो वस्तुतः मासा नव्हे. हा निर्णय सर्वमान्य होण्यास मात्र दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं.

इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत ग्रीक तत्त्ववेत्ता अॅरिस्टॉटल यानें लिहून ठेविलें होतें कीं, देवमाशास फुप्फुसें असतात व तो पिलांना दूध पाजतो. असें असूनहि स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७३५ सालीं त्याची गणना माशांतच केली. पुढें १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत त्यानेंच देवमाशास सस्तन प्राण्यांत स्थान दिलें.

विद्वानांचा निर्णय झाला, तरी बाजाराचा झाला नव्हता. माशांच्या तेलाची सरकारी तपासणी करून तीबद्दल फी घ्यावी, असा न्यू यॉर्क राज्याचा कायदा होता. देवमाशाच्या तेलास तो लागू आहे काय, यावर १८१८ सालीं खटला उभा राहिला. सॅम्युएल मिचिल या शास्त्रज्ञानें देवमासा मासा नव्हे, अशी साक्ष दिली. तथापि ज्यूरीनें उलट कौल दिला. अखेर विधिमंडळास कायद्याचे शब्दच बदलावे लागले.

बाह्य आकार डोळ्यांस फसवितो. शरीररचना फसवीत नाहीं. माशाची शेपटी उभी, तर देवमाशाची आडवी असते. आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणावरून तर हयात प्राण्यांत पाणघोडा हाच त्याचा सर्वांत निकटचा आप्त ठरला आहे. प्राण्यांचें वर्गीकरण म्हणजे अशा विसरलेल्या नात्यांचा शोध होय.