‘तांबारणे’ : एका क्रियापदाची व्युत्पत्ती

वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव नागपूर–वर्धा लोहमार्गावर वसले आहे. भोवतालचा मुलूख कपाशीचा. बोंडे भरण्याच्या सुमारास कपाशीची पाने कडांकडून लाल होऊ लागली की या भागात त्यास ‘लाल्या’ म्हणतात. गव्हाच्या पानांवर तांबूस भुकटी दिसली, तर मात्र तो ‘तांबेरा’. लाल होण्याची ही दोन नावे दोन भिन्न कुळांतली असून त्यांच्या मागे एका क्रियापदाचा इतिहास आहे.

संस्कृतात लाल होण्याची मुख्य क्रिया ‘रञ्ज्’ धातूने व्यक्त होई. ‘रक्त’ म्हणजे रंगलेले, लाल, तसेच आसक्त. प्राकृत ‘रत्त’वरून आलेल्या जुन्या मराठीतील ‘रातणे’ या क्रियापदाकडे आसक्तीचाच अर्थ आला. रंग बहुधा ‘रातांबा’सारख्या समासात उरला. ‘रंगणे’ याच धातूच्या गोतातले. त्याचा अर्थ आज कोणत्याही रंगाला लागू पडतो. तथापि विडा रंगला किंवा मेंदी रंगली म्हणताना तो लालच असतो, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

रिकाम्या झालेल्या या जागी ‘तांबारणे’ आले. डोळे तांबारतात, सांजवेळचे आभाळ तांबारते. ‘तांब्यासारखे होणे’ ही त्याची सर्रास दिली जाणारी उपपत्ती क्रम उलटा लावणारी आहे. वाजसनेयी संहितेतील शतरुद्रीयात ‘ताम्र’ हे रुद्राच्या वर्णाचे विशेषण आहे. धातूंच्या गणनेत तेथे ‘ताम्र’ नसून ‘लोह’ येते, आणि ‘लोह’ शब्दाचे नातेही ‘लोहित’शी, म्हणजे पुन्हा लाल रंगाशीच, पोहोचते. म्हणजे रंग आधीचा, धातूचे नाव मागाहूनचे. ताम्राचा ‘तंब’ व आम्राचा ‘अंब’ हे दोन्ही विकार हेमचंद्राने बाराव्या शतकात एकाच सूत्रात सांगितले आहेत. तांबे आणि आंबा यांची ध्वनिदृष्ट्या वाट एकच. हिंदीत ‘तांबा’ मुख्यतः धातूपुरता राहिला. मराठीने ‘तांबडा’ हा रोजच्या वापरातला रंगवाचक शब्द राखला आणि त्यामुळेच ‘तांबारणे’ला आधार मिळाला.

‘लाल’ हा फारसीतून आलेला शब्द. त्याचे विशेषण मराठीत पक्के रुजले. ‘लालावणे’ अधूनमधून लिहिले जाते, परंतु बोलण्यात ‘लाल होणे’ किंवा ‘लाल पडणे’ हेच चालते. ‘लाल्या’ हे नाम याच शब्दावरून बनले. त्याची घडण काळ्या, ढवळ्या या बैलांच्या नावांसारखी, जणू कुणी शेतात शिरावा तशी. येथेच घोटाळा होतो. तांबेरा ही खरोखरच बाहेरून येणारी बुरशी आहे. पानावरची भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. लाल्या प्रामुख्याने झाडाच्या पोषणातील बिघाड आहे. नत्र व मॅग्नेशियम कमी पडले, रात्री गार झाल्या, की हरितद्रव्य घटून पानातच अँथोसायनिन हे लाल द्रव्य साठते. अमेरिकन व संकरित वाणांवर तो विशेष दिसतो. ‘लाल्या रोग’ हा शब्दप्रयोग ऐकून बुरशीनाशक फवारणाऱ्याचा पैसा वाया जातो. त्याऐवजी युरिया वा डीएपी आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची फवारणी वेळेवर केली तर उपयोग होतो. क्रियापद वापरून ‘कपाशी तांबारली’ असे म्हटले असते, तर बदल पानाच्या आतलाच आहे हे शब्दानेच सुचविले असते.