कुलाब्याचा किनारा ते तेल अवीव: आकाशातला वळसा

१/ नागावच्या उत्तरेस अलिबाग, दक्षिणेस रेवदंडा. दोन्हीकडे बेने इस्रायलींची प्रार्थनामंदिरे आजही उभी आहेत. तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम न करणारा हा समाज येथे ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई.

२/ १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाले. पुढील दशकांत यांतील बहुसंख्य कुटुंबे तिकडे स्थलांतरित झाली.

३/ मुंबई ते तेल अवीव हे सरळ हवाई अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर. जेट विमानाला सहा तासही पुरावेत. परंतु त्या रेषेवर सौदी अरेबिया येतो आणि इस्रायलला जाणाऱ्या विमानांना त्याचे आकाश बंद होते. इस्रायलच्या ‘एल अल’चे विमान एडनच्या आखाताकडून तांबड्या समुद्रावरून वळसा घेई.

४/ २२ मार्च २०१८ रोजी एअर इंडियाचे दिल्ली–तेल अवीव विमान सौदी आकाशातून गेले. सुमारे दोन तास वाचले. ‘एल अल’ला मात्र पूर्वेची वाट फेब्रुवारी २०२३ मध्ये, ओमानने आकाश खुले केल्यावरच मिळाली.

५/ नकाशावरील अंतर कधीच बदलले नव्हते. आजोळच्या गावी पोहोचायला किती तास लागावेत, हे मात्र परक्या राजधान्यांत ठरत होते.